टायरच्या पोकळीचं भाडं

रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चा मागचा टायर १२०/८०-१८ या मापाचा असतो. नवा टायर काट्यावर टाकला तर पाच-सहा किलो भरतो. तोच टायर खोक्यात बंद करून कुरिअरला दिला की पावतीवर चौदा किलो लिहून येतात. गिऱ्हाईक काट्याकडे बोट दाखवतं, काउंटरवरचा माणूस पट्टीकडे. दोघंही खोटं बोलत नसतात. टायरसारख्या पोकळ मालाला कुरिअरवाला काट्यावरच्या वजनाचं भाडं घेतच नाही, तो गाडीत अडलेल्या जागेचं भाडं घेतो. टायर स्वस्तात कसा पाठवावा या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

सिंधुदुर्गातल्या कणकवलीत हा प्रश्न रोजचा आहे. स्प्लेंडर, ॲक्टिव्हा, पल्सर यांचे टायर बाजारात कुठल्याही दुकानात टांगलेले दिसतात. पण हिमालयनचा पुढचा २१ इंची टायर, केटीएमचा १५०/६० चा रेडियल, एखाद्या जुन्या येझदीचा टायर हवा असेल, तर तो कोल्हापूर, बेळगाव, पुणे किंवा मुंबईहूनच मागवावा लागतो. दुकानदार असे टायर ठेवून भांडवल अडकवत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. गंमत अशी की टायर जिथे तयार होतात त्यांतलं एक ठिकाण तर शेजारीच आहे. एमआरएफचा कारखाना गोव्यात फोंड्याजवळ उसगावला आहे. सिएटचा दुचाकी टायरचा कारखाना राज्यातच, नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. पण कारखान्यातून टायर थेट कणकवलीला येत नाही. तो कंपनीच्या गोदामात जातो, तिथून मोठ्या शहरातल्या वितरकाकडे, आणि मग एकट्यादुकट्या नगाने घाट उतरतो. महाग पडतो तो हा शेवटचा एकटा प्रवास.

आता ते चौदा किलो आले कुठून ते पाहू. टायरवरच्या आकड्यांत सगळा हिशेब असतो. १२० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे त्या रुंदीच्या ऐंशी टक्के उंची, म्हणजे ९६ मिलिमीटर. १८ म्हणजे रिमचा व्यास इंचात, म्हणजे ४५७ मिलिमीटर. रिमच्या वर ९६ आणि खाली ९६ धरले की टायरचा बाहेरचा व्यास ६४९ मिलिमीटर, सुमारे ६५ सेंटिमीटर. कुरिअर कंपन्यांचा रूढ नियम असा की लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचं. जे येईल ते आकारमानी वजन. काट्यावरचं वजन आणि हे वजन यांत जे जास्त, त्याचं भाडं. ६५ गुणिले ६५ गुणिले १२ म्हणजे ५०,७००. भागिले ५००० म्हणजे दहा किलोला थोडं जास्त. हे झालं उघड्या टायरचं. खोक्यात घातला की प्रत्येक बाजूला दीड सेंटिमीटर वाढतो: ६८ गुणिले ६८ गुणिले १५, म्हणजे जवळजवळ चौदा किलो. कागदी खोक्याने टायरचं काडीचं रक्षण केलं नाही, पण पावणेचार किलो भाडं वाढवलं. रस्त्याने माल नेणाऱ्या काही कंपन्या घनफुटाचा हिशेब लावतात, घनफुटाला सहा, आठ किंवा दहा किलो धरतात. दहाच्या हिशेबाने हाच उघडा टायर अठरा किलोंचा होतो.

या टायरमध्ये रबर, दोरा, तार धरून ऐवज पाचेक लिटरचा असतो. खोकं असतं ६९ लिटरचं. म्हणजे चौदा भागांतला एक भाग माल, बाकी तेरा भाग हवा.

कंपन्यांवर लगेच चिडू नये. पार्सलची गाडी आधी जागेने भरते, वजनाने नंतर. उशा, थर्माकोल, टायर यांनी गाडी छपरापर्यंत भरली तरी काट्यावर ती अर्धी रिकामीच असते, आणि डिझेल, ड्रायव्हर, टोल मात्र पूर्ण लागतात. विमानाच्या मालाला हा हिशेब जुना आहे. तिथे ६००० चा भाजक चालत आला. रस्त्यावरच्या लहान पार्सलांना तो सरसकट लागला तो अलीकडे. अमेरिकेत फेडेक्स आणि यूपीएस या दोन बड्या कंपन्या जमिनीवरून जाणाऱ्या पार्सलला तीन घनफुटांच्या वर आकारमान असेल तरच हा नियम लावत. तीन घनफूट म्हणजे सुमारे ८५ लिटर. मोटारसायकलचा एक टायर खोक्यासकट याच्या आत बसतो, त्यामुळे तो कित्येक वर्षं नुसत्या वजनावर जात होता. २०१४ संपता-संपता आणि २०१५ उजाडताना दोन्ही कंपन्यांनी ती सवलत काढून टाकली आणि तिथल्या हौशी मोटारसायकलवाल्यांना टायर पाठवणं एकदम जड झालं. खोक्यात नसलेला गोल नग म्हणून वेगळा हाताळणी आकारही तिथे लागतो, कारण टायर सरकत्या पट्ट्यावरून घरंगळतो आणि यंत्राला तो धड धरता येत नाही. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांच्या केंद्रांवरही आता अशीच यंत्रं आहेत.

म्हणून स्वस्त वाट शोधायची तर दोन दिशांनी शोधावी लागते. पहिली: जिथे भाडं पट्टीने नव्हे तर नगाने ठरतं तिथे जायचं.

कणकवलीला अशा वाटा पूर्वीपासून आहेत. रस्ते धड नव्हते त्या काळात मुंबईचा माल आगबोटीने विजयदुर्ग, देवगड, मालवणच्या बंदरात उतरायचा आणि तिथून बैलगाडीने वर यायचा. मग एसटी आली. एसटीचं सिंधुदुर्ग विभागाचं कार्यालयच कणकवलीत आहे, आणि गाडीच्या टपावर बांधलेला टायर हे दृश्य इथल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. टपाची शिडी असलेल्या गाड्या आता कमी झाल्या, नव्या गाड्यांत सामान पोटातल्या डिकीत जातं. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत प्रवासी बंद असताना, एसटीने मालवाहतूक सुरू केली. जुन्या गाड्यांची आसनं काढून मालगाड्या केल्या आणि कोकणातला हापूस मुंबईला नेला. हीच पुढे महाकार्गो झाली. ती भरगच्च मालासाठी आहे, एका टायरसाठी नव्हे. एका टायरला जवळचं ते डेपोतलं पार्सल कार्यालय.

खासगी ट्रॅव्हल्स ही दुसरी वाट. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या रातगाड्या पहाटे कणकवलीत उड्डाणपुलाखाली, पटवर्धन चौकाच्या आसपास थांबतात. चाकरमानी गावाला औषधं पाठवतो, गाव मुंबईला कोकम, सुके बांगडे आणि फणस पाठवतं, ते याच गाड्यांवर. टायरही येतात. भाडं ठरतं ते बोलून, रात्री दिलेला टायर सकाळी हातात पडतो, आणि इतकं जलद कुणीच देत नाही. पण पक्की पावती नसते. नग हरवला तर कुणाकडे जायचं याला उत्तर नाही. शिवाय प्रवासी गाडीत व्यापारी माल नेण्यावर परवान्याची बंधनं आहेत. ओळखीचा ड्रायव्हर असेल आणि टायर आपल्या एकट्यापुरता असेल तर एक वेळ ठीक, दुकानदाराने मात्र या वाटेवर धंदा उभा करू नये.

तिसरी वाट ट्रान्सपोर्टची, आणि माझ्या मते कणकवलीच्या माणसाला तीच सर्वांत फायद्याची. इथे खिडकीवर पहिला प्रश्न असतो, "नग कितके?" वजनाचा प्रश्न त्याच्या नंतर. गदगला विजय संकेश्वर यांनी १९७६ मध्ये एका ट्रकवर सुरू केलेली व्हीआरएल ही या धंद्यातली आपल्या भागातली सर्वांत परिचित कंपनी. तिच्याशिवाय कोल्हापूर, बेळगाव, पुण्याहून कोकणात उतरणारे कितीतरी लहान ट्रान्सपोर्टवाले आहेत. त्यांची रीत ठरलेली आहे. मालाची बिल्टी फाडायची, तिलाच एलआर म्हणतात. भाडं पाठवणाऱ्याने भरलं तर पेड, घेणाऱ्याने भरायचं तर टू पे. माल गोदामातून उचलायचा किंवा जास्त पैसे देऊन घरपोच घ्यायचा. हमाली आणि बिल्टीचा खर्च वेगळा. या ठोक खर्चामुळे एका टायरला ट्रान्सपोर्ट कधी कधी कुरिअरइतकंच पडतं. दोन टायर झाले की ते स्वस्त होतं, चार झाले की कुरिअर जवळपासही येत नाही. एका गॅरेजच्या चार गिऱ्हाइकांनी आठवडाभर थांबून एकाच बिल्टीवर टायर मागवले तर प्रत्येकाच्या वाट्याला हमालीपलीकडे फारसं काही येत नाही.

रेल्वेचं नाव इथे हमखास निघतं. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते आणि कणकवली स्थानक गावालाच लागून आहे. पण गाडी थोडाच वेळ थांबते, पार्सलच्या डब्यात जागा मिळेल तेव्हा मिळेल, आणि स्थानकावर जाऊन नोंदवणं, उचलणं सगळं आपणच करायचं. अख्खी मोटारसायकल पाठवायची असेल तर रेल्वे उत्तम. टायरपुरती ती सोयीची नाही.

राहिलं पोस्ट. स्पीड पोस्टाने ३५ किलोपर्यंतचं पार्सल जातं, तेव्हा टायर सहज बसतो. पण तिथेही मोठ्या पार्सलला ५००० चाच भाजक. पोस्टाचं बळ वेगळ्या ठिकाणी आहे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडित असलेल्या मराठी टपाल अधिकाऱ्याने. त्या सहा आकड्यांत देशातली प्रत्येक वाडी बसते आणि पोस्ट त्या प्रत्येक वाडीत जातं. खासगी कंपनी ४१६६०२ म्हणजे कणकवलीपर्यंत खुशीने येते, पण पत्ता घाटपायथ्याच्या एखाद्या वाडीचा असला की 'इथे सेवा नाही' असं सांगते किंवा हद्दीबाहेरचा म्हणून जादा आकार लावते. मोटारसायकलवाल्याने घरपोचचा आग्रह सोडावा. टायर कणकवलीतल्या गोदामावर किंवा टायर बसवणाऱ्या दुकानाच्या पत्त्यावर मागवावा. नाहीतरी तो बसवायला दुकानातच न्यायचा असतो.

दुसरी दिशा अधिक मजेची आहे: भाडं हवेचंच द्यायचं असेल तर त्या हवेत माल भरायचा.

क्लासिकच्या त्या मागच्या टायरच्या मधल्या भोकात जवळजवळ वीस लिटर जागा असते. आकारमानी वजन दहा किलो, खरं वजन सहा. म्हणजे चार किलो माल या भोकात फुकट जातो. दोन ट्यूब, चेन-स्प्रॉकेटचा संच, ब्रेक शूज, एअर फिल्टर, केबल हे सगळं कापडात गुंडाळून मध्ये बसतं. याहून सुरेख हिशेब स्कूटरचा आहे. ॲक्टिव्हाचा ९०/१००-१० टायर बाहेरून ४३४ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि १८ इंची टायरचं भोक ४५७ च्या आसपास. म्हणजे ॲक्टिव्हाचा पुरा टायर बुलेटच्या टायरच्या पोटात आडवा बसतो, रुंदीनेही बाहेर येत नाही, आणि मोजपट्टीला तो दिसतही नाही. १२ इंची स्कूटरचा ९०/९०-१२ टायर ४६७ मिलिमीटर भरतो. तो १८ इंचीत जात नाही, पण क्लासिकच्या पुढच्या १९ इंचीत जेमतेम बसतो. हिमालयनच्या २१ इंचीत तर आरामात. सारख्या मापाचे दोन टायर एकावर एक ठेवून मात्र आकारमानात काहीच वाचत नाही. तिथे वाचतो तो फक्त बिल्टीचा आणि किमान भाड्याचा खर्च.

एक गोष्ट करू नये. जागा वाचावी म्हणून काही जण टायर दोरीने आवळून लंबगोल करतात किंवा त्याच्या दोन्ही कडा एकमेकींना चिकटेपर्यंत दाबून बांधतात. टायरची कड म्हणजे रबरात पुरलेली पोलादी तारांची कडी, तिला बीड म्हणतात. सायकलचे काही टायर घडी होतात कारण त्यांच्या कडेत तार नसून लवचीक धागा असतो. मोटारसायकलच्या टायरची तार एकदा मुडपली की ती पूर्ववत होत नाही, आणि असा टायर रिमवर कधीच धड बसत नाही. ट्यूबलेसमध्ये तर कडा नुसत्या आत दबलेल्या असल्या तरी हवा भरताना ती दोन्ही बाजूंनी निसटते आणि पंक्चरवाला घामाघूम होतो. पाठवताना दोन कडांच्या मध्ये पुठ्ठ्याचे तीन-चार गुंडाळलेले तुकडे अडकवून दिले तर हा त्रास राहत नाही. खर्च शून्य.

खोकं नको म्हटल्यावर पत्ता कुठे लावायचा हा प्रश्न येतो. नव्या टायरवर स्टिकर टिकत नाही. रबर उन्हाने आणि ओझोनने तडकू नये म्हणून त्यात मेण मिसळलेलं असतं आणि ते हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं. त्यात टायरच्या अंगावर साच्याच्या छिद्रांतून आलेले रबरी केस. चिकटपट्टी सकाळी लावली तर संध्याकाळी गळते. कोकणातल्या पावसाळी हवेत तर तेवढाही वेळ लागत नाही. म्हणून टायरला आधी ताणून गुंडाळायच्या प्लॅस्टिकचे किंवा जुन्या गोणपाटाच्या पट्टीचे आडवेतिडवे वेढे द्यावेत, पत्ता त्या वेढ्यावर चिकटवून वरून आणखी एक पारदर्शक वेढा द्यावा, आणि दुसरा पत्ता जाड पुठ्ठ्यावर लिहून सुतळीने भोकातून बांधावा. दोन पत्ते हवेतच. गोदामात एक गळून पडला तरी दुसऱ्यावर नग सापडतो. बिलाची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टायरच्या आतल्या बाजूला चिकटवावी. पोटात भरलेल्या मालात ऑइलचा डबा ठेवू नये. खनिज तेल रबर फुगवतं आणि सैल करतं. चेनवर मारायचा फवाऱ्याचा डबाही नको, तो साध्या पार्सलात विमानाने नेता येत नाही.

पाऊस आणि टायर यांचं आणखी एक नातं आहे. टायरमध्ये साचलेलं चमचाभर पाणीसुद्धा एडिस डासाला पुरतं. १९८५ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या परिसरात याच कुळातल्या आशियाई टायगर डासाची वसाहत सापडली. तो आशियातून बोटीने आलेल्या जुन्या टायरांतून पोचला होता. तिथून तो त्या देशाच्या मोठ्या भागात पसरला. आपल्याकडे जून ते सप्टेंबर गोदामाबाहेर उघड्यावर पडलेला टायर डेंग्यूला आमंत्रण देतो. टायर आला की त्याच दिवशी उचलावा, उलटा करून पाणी काढावं.

वेळेचंही गणित सांभाळायला हवं. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस टायर मागवू नये. मुंबईहून निघालेली प्रत्येक गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असते, पार्सल मागे पडतं. घाटांचं वेळापत्रक वेगळंच. करूळ घाट २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला तेव्हा कोल्हापूरचा माल फोंडा आणि भुईबावडा घाटाकडे वळला. पावसाळ्यात दरड कुठे कोसळेल हे कुणी सांगावं? ज्याला चातुर्मासात नवा टायर लागणार, त्याने तो मे महिन्यात आणून ठेवावा. कायद्याने दुचाकीच्या टायरवर किमान ०.८ मिलिमीटर खोल नक्षी लागते. खाचेच्या तळाशी उमटवलेल्या उंचवट्यांपर्यंत रबर झिजलं की टायर संपला. पण कोकणातल्या जांभ्याच्या लाल चिखलात आणि आंबोली घाटाच्या ओल्या वळणांवर तेवढी वाट पाहणं म्हणजे जिवाशी खेळणं आहे. भाडं जास्त पडतं म्हणून जुन्या टायरवर आणखी एक पावसाळा काढणारी मुलं मी पाहतो तेव्हा वाईट वाटतं. वाचलेले दोनशे रुपये हाडवैद्याच्या दारातसुद्धा पुरत नाहीत.

टायर हातात आला की सही करण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. कड कुठे मुडपली आहे का. आयएसआयचं चिन्ह आहे का. आणि बाजूवरचा चार आकडी शिक्का: २३२५ असेल तर २०२५ चा तेविसावा आठवडा. जुना साठा खपवायला लांबचं गिऱ्हाईक सोयीचं असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलावर कर किती लावला तेही वाचावं. काही बिघाड दिसला तर ट्रान्सपोर्टच्या प्रतीवर तिथेच, पेनाने, स्पष्ट शब्दांत लिहावं आणि मग सही करावी.

बिल्टी फाडताना तिच्यावर मालाची किंमत लिहून घ्या. रस्तावाहतुकीचा २००७ चा कायदा आणि त्याखालचे नियम असं सांगतात की किंमत जाहीर केलेली नसेल तर माल गेल्यास वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच. दीडशे रुपये भाडं दिलेल्या पाच हजारांच्या टायरचे मग दीड हजारच मिळतात. आणि दावा लावायचा असेल तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. तोवर बिल्टी जपून ठेवा.